चौदा मुली, चौदा पारपत्रे

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लँगॉलेन नावाचे एक गाव आहे. तेथे दरवर्षी जुलै महिन्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय संगीतोत्सवातील लोकनृत्याच्या स्पर्धेसाठी वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांतील चौदा मुलींचे लेझीम-पथक निघाले आहे, ही वार्ता आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी गेलीच असेल. अभिनंदनाची पत्रे आली, त्यांबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेल्या त्या पत्रांपैकी निम्म्यांत अभिनंदनाच्या पाठोपाठ एक पृच्छाही आहे. आमच्याही मंडळाच्या मनात असे काही आहे; तयारी कोठून आणि कशी करावी? व्यवस्था पाहणारे आम्ही तिघे, दोन मुलींच्या माता आणि एक निवृत्त शिक्षक. प्रत्येकास स्वतंत्र उत्तर लिहिणे आम्हांस शक्य झाले नाही, म्हणून हा लेख.

प्रथम त्या गावाविषयी थोडेसे. डी नदीच्या काठचे हे लहानसे गाव. त्याच्या नावाच्या आरंभी इंग्रजी लिपीत दोन 'एल' येतात आणि वेल्श लोक त्यांचा उच्चार असा करतात की, जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता कडेने नुसती हवा सोडायची. आमच्या मुलींना हे आठ दिवसांत साधले. आम्हांला अद्याप साधलेले नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर, तुटलेल्या राष्ट्रांनी निदान गाण्या-नाचण्यासाठी तरी एकत्र यावे, या हेतूने १९४७ साली येथे हा उत्सव सुरू झाला. १९४९ साली, म्हणजे युद्धाला चारच वर्षे झाली असता, जर्मनीतील ल्यूबेकचा गायकवृंद येथे आला आणि गावाने त्याचे स्वागत केले. १९५५ साली इटलीतील मोडेना शहराचा एक पुरुषगायकवृंद येथे पहिला आला. त्यात एक बाप-लेकांची जोडी गात होती आणि त्यांतला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेला लुचानो पावारोत्ती. आमच्या मुलींना हे सांगितले तेव्हा त्यांना पावारोत्ती ठाऊक नव्हता. पण बाप आणि मुलगा एकाच रांगेत उभे राहून गात होते, हे त्यांना फार आवडले.

नेणार काय, हा पहिला प्रश्न, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. आमच्या पहिल्याच बैठकीत गरब्याचा आग्रह धरणारे निम्म्याहून अधिक होते. त्यांचे म्हणणे चुकीचे मुळीच नव्हते. या मुली वडोदऱ्यात जन्मल्या, चालू लागल्या तशा नवरात्रात गरब्याच्या फेरात शिरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या गरब्याला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हा आमच्या घरांतही आनंदच झाला. दुसऱ्या बाजूला आमच्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ घरून एक जाडजूड ग्रंथ पिशवीत घालून घेऊन आले. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी याच शहरात संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा तो एक खंड होता. जुम्मादादा व्यायाममंदिर, प्रोफेसर माणिकराव, सांघिक कवायतींना देशी भाषेतील हुकूम देण्याची त्यांची पद्धत, हे सारे आपल्याच शहरात घडले असता लेझीम ही पुण्याहून उसनी आणलेली वस्तू असल्यासारखे बोलू नका, असे त्यांनी जरा चढ्या स्वरात सांगितले. कोणी मध्येच १८८० साल काढले. त्या वर्षी सयाजीरावांशी विवाह होऊन तंजावरची राजकन्या चिमणाबाई या नावाने येथे आली आणि तिच्यासमवेत तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार असा सर्व ताफा आला. तात्पर्य, या शहरात नृत्य हे नेहमी माणसांबरोबर प्रवास करूनच आलेले आहे. मग आपले आणि परके कोणते ठरवणार?

वाद रंगला खरा, परंतु निर्णय झाला तो निराळ्याच कारणाने. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत सात-आठ वर्षे एकत्र खेळलेल्या मुली आमच्याकडे होत्या आणि हलगी वाजवणारा जाणता मनुष्य होता. इच्छुक मंडळांना आमचे पहिले सांगणे हेच. जे नृत्य 'आपले प्रतिनिधित्व करते' असे वाटते ते न निवडता, जे आपली मुले झोपेतून उठवले तरी करू शकतात ते निवडावे. परमुलखात, थंडीत, अपुऱ्या झोपेनंतर, चार-साडेचार तास मागे गेलेल्या घड्याळावर जे अंगातून आपोआप निघते तेवढेच टिकते.

मिरवणुकीतली लेझीम रंगमंचावर नेणे ही मात्र मोठी शस्त्रक्रिया आहे. मिरवणुकीला अंत नसतो. पुढचा गणपती थांबला की आपण थांबतो, तोवर 'चार आवाज' चालूच. स्पर्धेत मिनिटे मोजलेली असतात आणि परीक्षक एकाच बाजूला बसलेले असतात. रस्त्यावर जो गोल सर्व बाजूंनी सुंदर दिसतो, तो समोरून पाहिला की पुढच्या मुलींच्या पाठी तेवढ्या दिसतात. म्हणून गोल मोडून अर्धचंद्र केला, 'आठ आवाजां'ची आवर्तने निम्मी केली, आगेफलांग आणि पीछेफलांग यांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती जागा ठेवली. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. लोकनृत्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात पारंपरिक स्वरूपातील नृत्य आणि रंगमंचासाठी नव्याने रचलेले, शैलीबद्ध नृत्य असा भेद केला जातो. आपण कोणत्या वर्गात उतरतो हे आरंभीच ठरवावे. आमच्यातील उत्साही तरुणांनी मनोरे सुचवले, झेंडे सुचवले, शेवटी चित्रपटगीताचा तुकडाही सुचवला. एकेक करून आम्ही ते नाकारले. ज्याला परंपरा म्हणून पुढे करायचे त्यात वर्षभरापूर्वी शिरलेली क्लृप्ती असू नये, एवढेच आमचे मत. इतरांचे वेगळे असू शकते.

हलगीने आम्हांला सर्वांत अधिक दमवले. कातडी पान चढे लागण्यासाठी हलगी विस्तवावर शेकावी लागते, हे वाचक जाणतातच. जुलै महिन्यातही वेल्समध्ये पाऊस असतो, हवा आपल्या माघातल्यासारखी गार आणि वर दमट. तशा हवेत पान सैल पडणार, आणि रंगमंचामागे शेकोटी पेटवू द्या असे कोणत्या तोंडाने मागायचे? आता फायबरच्या पानाची, नट-बोल्टांनी ताणायची हलगी मिळते. ती आणली. वाजवणाऱ्या काकांनी दोन बोटे टेकवून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हिला सर्दी होणार नाही हे खरं, पण हिला घसाही नाही." शेवटी दोन्ही घेण्याचे ठरले. स्पर्धेला नवी, गावातून देशोदेशींच्या पथकांची जी मिरवणूक निघते तिला, ऊन पडलेच तर, जुनी.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण पत्रलेखकांचा अंदाज आणि आमचा अनुभव यांत सर्वाधिक तफावत येथे आहे. रंगमंचावर पथक एक असते. परंतु तेथवर नेणाऱ्या प्रत्येक दारातून त्याला एकेकटे आत सोडले जाते. आयोजकांचे निमंत्रण पथकाच्या नावे येते. पारपत्र, व्हिसा, विमा, तिकीट ही मात्र ज्याची त्याची. चौदांपैकी तेरांची तयारी झाली म्हणजे तेरा-चौदांश काम झाले, असे येथे होत नाही.

नावांचेच पाहा. आपल्या घरांत वडिलांचे नाव कोठे 'दत्तात्रय', कोठे 'दत्तात्रयराव'. गुजरातेतील दाखल्यांवर मुलीच्या नावाला शाळेत 'बेन' जोडले गेलेले, आईच्या नावाला हटकून जोडलेले. आडनाव कोठे आधी, कोठे शेवटी. 'गायकवाड'ची इंग्रजी स्पेलिंगे तर एकाच घरात तीन सापडली. घरात आणि गल्लीत ही एकच व्यक्ती असते, कागदावर मात्र तीन होतात. आमच्या पथकात पाच मुलींचे दाखले दुरुस्त करून घ्यावे लागले आणि त्यातच हिवाळा गेला. म्हणून पारपत्राचा अर्ज भरण्यापूर्वी जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि आई-वडिलांची पारपत्रे एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. अल्पवयीनांच्या अर्जास आई-वडील दोघांची संमती लागते. वडील मस्कतला किंवा दोह्याला नोकरीस असतील तर त्यांची सही आणवण्याचा वेळ धरावा. मुलांचे पारपत्र सामान्यतः ५ वर्षांचे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतचे असते. तेव्हा 'आहे आमच्याकडे, मागे सिंगापूरला गेलो होतो' असे कोणी म्हणाल्यास ते उघडून तारीख पाहावी.

ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या ३ महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही आणि निर्णयास साधारणतः ३ आठवडे लागतात. म्हणजे घाई करू म्हटले तरी करता येत नाही आणि रेंगाळू म्हटले तर सोय नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येकीस अहमदाबादेस जावे लागले. एक बस ठरवून सर्वांना एकाच दिवशी नेले. जाताना भेंड्या आणि येताना झोप. मूल कोणाबरोबर प्रवास करणार हे अर्जात लिहावे लागते, अशी दोन माणसे नोंदवता येतात, आणि मूल त्यांच्याशिवाय दारात उभे राहिल्यास परतवले जाऊ शकते. त्यामुळे प्रत्येक मुलीमागे आम्ही दोघांची नावे दिली आहेत. एकाला ऐनवेळी ताप आला तर दुसरा असावा.

गुजराती दाखल्यांची प्रमाणित भाषांतरे करावी लागली. त्या नियमाची शब्दरचना आम्हांला फार बोलकी वाटली. कागद इंग्रजीत 'किंवा वेल्शमध्ये' नसेल तर भाषांतर जोडावे, असे तो म्हणतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे तेथील लोकसंख्येच्या शेकडा १८ देखील नव्हेत. आणि तरीही साऱ्या ब्रिटनच्या दारावर त्या भाषेला इंग्रजीच्या शेजारी उभे राहता येते. घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, असे दोन-अडीच शतके जगत आलेल्या आमच्यासारख्यांनी हे वाचून थोडा वेळ थांबावे, हे साहजिक आहे. त्या दिवशी भाषांतराचे काम तासभर मागे पडले.

सामानाविषयी थोडक्यात. बारा लेझिमी एका पेटीत बांधल्या. साखळ्या वाजू नयेत म्हणून त्यांत जुन्या साड्या दाबून भरल्या. ही पेटी विमानाच्या पोटातच जाते, हातात नेण्याचा विचारही करू नये. दागिने सारे खोटे. नऊवारी शिवलेली की नेसायची यावर मातांमध्ये मतभेद झाले. नेसायची ठरली आणि प्रत्येकीने दुसरीला दहा मिनिटांत नेसवण्याचा सराव केला. फेटेही तसेच. दुधाचे पदार्थ तेथे नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवून कोरडा चिवडा आणि भाकरवडी घेतली आहे. लीलो चिवडा मात्र इतके दिवस टिकत नाही, याचे मुलींना दुःख आहे. मुलींच्या अडचणीच्या दिवसांचा हिशेब बरोबरच्या दोन मातांकडे आहे. त्यासाठी लागणारे सामान वेगळ्या पिशवीत आणि भरपूर ठेवले आहे. ज्या मंडळांत व्यवस्था केवळ पुरुषांच्या हाती असते त्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. सराव दोन महिने लाकडी फळ्यांवर आणि अनवाणी केला, कारण अंगणातल्या मातीवर पाय जे करतो ते फळीवर करीत नाही.

बारा जणी नाचणार आणि दोघी राखीव. राखीव मुलींचे मन राखणे हे हलगीचे पान राखण्याहून अवघड. तोच खर्च, तेच कष्ट, आणि नाचायला मिळेल याची शाश्वती नाही. आम्ही असे ठरवले की मिरवणुकीत चौदाही जणी खेळतील, आणि सरावात आठवड्यातून दोन दिवस राखीव मुली मुख्य रांगेत व रांगेतल्या दोघी बाहेर. आरंभी रांगेतल्या मुलींना हे रुचले नाही. आता बाहेर बसण्याची पाळी आली की त्या निमूटपणे उठतात.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्या कुटुंबाला विचारून आणि त्यांच्या संमतीनेच ती लिहीत आहोत.

आमच्या पथकाची म्होरकी, जिच्या शिट्टीवर बाराही लेझिमी एका क्षणी मिटतात, तिचे वडील रिक्षा चालवतात. व्हिसाच्या अर्जासोबत पालकांच्या बँकखात्याचे उतारे जोडावे लागतात. त्यांच्या खात्यात फार काही नाही, हे पाहून एका आप्ताने अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी, कोणास न सांगता, मोठी रक्कम भरली. भावना किती चांगली! पण कागद वाचणाऱ्याला भावना दिसत नाही. वर्षभर जेथे शेकड्यांत ये-जा होते तेथे एकाएकी लाखांचा आकडा आला, तो कोणाचा आणि कोठून, याचा उलगडा नाही, असे कारण लिहून तिचा अर्ज नामंजूर झाला. तेरा पारपत्रे व्हिसासह आली आणि चौदावे रिकामे.

आम्ही निर्णय पुन्हा पुन्हा वाचला. त्यात अन्याय्य असे काही शोधून सापडेना, हेच अधिक जड गेले. अशा प्रकारच्या व्हिसाला अपील नसते. अर्ज मात्र नव्याने करता येतो. तो मे महिन्याच्या अखेरीस केला. या खेपेस त्या रकमेचा उगम आप्ताच्या सहीनिशी लिहून दिला, मुलीचा सर्व खर्च मंडळ करीत असल्याचे पत्र आणि मंडळाच्या खात्याचे उतारे जोडले, रिक्षाचा परवाना, घराची भाडेपावती, शाळेने दिलेले पुढील सत्राच्या प्रवेशाचे पत्र, सारे जोडले. ज्यांना पुढे असे पथक न्यायचे आहे त्यांना आमचे कळकळीचे सांगणे असे की, खर्च मंडळ करणार असेल तर पहिल्याच अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि पालकांच्या खात्याला आहे तसे राहू द्यावे. गरिबी लपवायला गेले की ती संशयासारखी दिसते. आणि ही गोष्ट पालकांच्या घरी जाऊन, आजी-आजोबांसमोर, आधीच समजावून सांगावी. कारण मदत करणारा आप्त प्रत्येक घरात असतो.

नामंजुरीची बातमी आली त्या संध्याकाळी सरावाला ती येणार नाही, अशी आमची समजूत होती. ती वेळेवर आली. तिची आजी तिला सोडायला आली होती; दारातूनच म्हणाली, "हिला घरी बसवून काय करू? इथं निदान हात तरी हलतात." मुलींनी कोणीच काही विचारले नाही. जरा वेळाने त्यांतल्याच एकीने आमच्याकडे येऊन विचारले, "बाई, आपण सगळ्याच नाही गेलो तर?" प्रश्न खरा होता आणि त्यावर दोन रात्री आम्ही तिघे बोललो. शेवटी म्होरकीनेच तो निकालात काढला. तेरा जणींचा खर्च तिच्या नावावर पाण्यात गेला तर पुन्हा गल्लीत मान वर करून चालता येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. ती चौदा वर्षांची आहे.

जूनच्या मध्यावर हा मजकूर छापखान्याकडे जात आहे आणि दुसऱ्या अर्जाचा निर्णय अद्याप आलेला नाही. तिचे तिकीट आम्ही रद्द केलेले नाही. तिची नऊवारी आणि फेटा सामानात बांधलेला आहे. रोज संध्याकाळी संपूर्ण नृत्य दोनदा होते. एकदा तिच्यासह, आणि एकदा तिच्या जागी राखीव मुलगी घेऊन, शिट्टी दुसरीच्या हाती देऊन. दुसऱ्या वेळी ती हलगीवाल्या काकांच्या शेजारी जमिनीवर बसते आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजते. परवा नवी म्होरकी अर्धचंद्र मोडताना अर्धी मात्रा उशिरा शिट्टी देत होती. तिने तीन वेळा पाहिले, मग उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ती मात्रा आली तेव्हा तिच्या खांद्याला हलकेच हात लावला. चौथ्या वेळी शिट्टी बरोबर पडली.